अकरा दिवसांच्या निळ्या काचपट्ट्या

मी एक जुना सूक्ष्मदर्शक आहे, मित्रांनो. एवढं अवघड नाव दवाखान्यात कुणी घेत नाही. लातूरकडचे लोक मला सरळ दुर्बीण म्हणतात. दुर्बीण लांबचं दाखवते आणि मी जवळचं, पण सांगणार कुणाला? सध्या माझा मुक्काम प्रयोगशाळेच्या लाकडी कपाटात आहे आणि इथे चिटपाखरूही फिरकत नाही.

माझा जन्म अंबाल्याच्या एका कारखान्यात झाला. तिथून पेंढ्यात गुंडाळून मला लातूरला आणलं. मला वीज लागत नाही. माझ्या पायाशी आरसा आहे. तो खिडकीच्या उजेडाकडे वळवला की माझं काम सुरू. वीस वर्षं मी लोकांचं रक्त दाखवलं, हिवतापाचे आणि क्षयाचे जंतू शोधून दिले. तंत्रज्ञ सुमनबाई रोज सकाळी मऊ कापडाने माझी भिंगं पुसायच्या आणि म्हणायच्या, "चला महाराज, लागा कामाला." माझ्याशी बोलणारं माणूस तेवढं एकच. बाकीचे एक डोळा लावायचे, दुसरा मिटायचे आणि काम झालं की उठून जायचे.

मग लातूरचा वेगळा जिल्हा झाला. दवाखाना वाढला, नव्या खुर्च्या आल्या आणि दिव्यावर चालणारा, दोन डोळ्यांनी बघायचा सूक्ष्मदर्शकही आला. त्याच दिवशी माझी रवानगी कपाटात झाली. खोटं कशाला सांगू, मी त्या नव्याचं वाईट चिंतलं.

तीनेक वर्षांनी त्याचा दिवा गेला. नवा दिवा मुंबईहून यायचा होता, म्हणून मला बाहेर काढलं. मला कोण आनंद झाला! पण बाहेर दुष्काळ होता. दवाखान्याची विहीर आटली होती आणि टँकरवर भागत होतं. जंतू दिसावेत म्हणून रक्ताची काचपट्टी रंगवतात, त्याला शुद्ध पाणी लागतं. ते एका यंत्रात वाफेपासून काढायचे, पण एक बाटली भरेपर्यंत वाफ गार करायलाच चार-पाच बादल्या पाणी वाहून जायचं. प्रयोगशाळेचे प्रमुख डॉ. शिवमूर्ती मनाने फार भले. ते म्हणाले, "वॉर्डात पेशंटला प्यायला पाणी न्हाई, आन् आपण मोरीत सोडायलोत. बंद करा ते यंत्र. टँकरच्या पाण्यावर भागवा."

ते पाणी खारं, जड होतं. त्यात धुतलेली प्रत्येक काचपट्टी निळी आणि गढूळ दिसू लागली. मला ते कळत होतं. पण माझं ऐकणार कोण?

आठव्या दिवशी जळकोटची बसम्मा आली. दुष्काळी कामावर खडी फोडणारी बाई. हुडहुडी भरून ताप येत होता. मुलगा सिद्धेश्वर तिला धरून घेऊन आला. सुमनबाईंनी तिचं रक्त माझ्याखाली पाहिलं. सगळं निळंच निळं. 'जंतू नाहीत' असा अहवाल गेला आणि साध्या तापाच्या गोळ्या देऊन तिला घरी पाठवलं.

अकराव्या दिवशी सुमनबाईंनी माझ्यावरून डोळा काढला. "डॉक्टर, अकरा दिवसांत एकाच्याबी रक्तात जंतू न्हाईत. असं कवा झालंय का?"

डॉक्टरांचा चेहरा उतरला. प्रत्येकाच्या रक्ताच्या दोन काचपट्ट्या करून एक न रंगवता राखून ठेवायची इथली पद्धत होती. त्या सगळ्या बाहेर काढल्या. इंजेक्शनसाठीच्या शुद्ध पाण्याच्या कुप्या फोडून त्या पाण्यात रंगवल्या. चौघांच्या रक्तात हिवतापाचे जंतू निघाले. तिघे लातुरातलेच होते, त्यांना त्याच दुपारी गोळ्या मिळाल्या. चौथी बसम्मा. डॉक्टर स्वतः गोळ्या घेऊन एसटीने जळकोटला निघाले.

तिसऱ्या दिवशी ते परत आले. बरोबर सिद्धेश्वर होता. डॉक्टर पोचले त्याच सकाळी बसम्मा गेली होती.

"माझी अव्वा कशानं गेली, ते मला बघू द्या," सिद्धेश्वर म्हणाला.

डॉक्टरांनी काचपट्टी लावून दिली. त्याने बराच वेळ डोळा लावला.

"हे बारकं बारकं, आंगठीसारखं?"

"हाव."

"मग आदी का दिसलं न्हाई?"

"पाणी चुकीचं होतं. ते वापरा म्हणून मीच सांगितलं होतं. बाईंची चूक न्हाई, दुर्बिणीची बी न्हाई."

सिद्धेश्वर पुन्हा भिंगावर वाकला. त्याने डोळा हलवला नाही आणि माझं वरचं भिंग ओलं झालं. इतक्या वर्षांत माझ्यावर कुणी रडलं नव्हतं. मलाही फार रडू आलं, पण मला ते जमत नाही.

पुढे वर्षभर डॉक्टरांनी प्रत्येक टँकरचं आणि आसपासच्या विहिरींचं पाणी तपासलं. त्यावर निबंध लिहून दुसऱ्या प्रयोगशाळांना पाठवला. रोज सकाळी आधी जिच्यात जंतू आहेत हे माहीत आहे अशी एक काचपट्टी रंगवून बघायची, मगच काम सुरू करायचं, असा नियम केला. दरम्यान मुंबईचा दिवा आला आणि मी पुन्हा कपाटात गेलो. सुमनबाई निवृत्त झाल्या. आता मला कुणी पुसत नाही.

मला पुसा, असं मी म्हणणार नाही. पण मित्रांनो, तुमच्यातलं कुणी उद्या प्रयोगशाळेत बसलं आणि भिंगाखाली काहीच दिसलं नाही, तर 'नाही' लिहिण्याआधी पाणी बघा, रंग बघा, दुसरी काचपट्टी करा. अर्धा तास लागेल. बसम्मा त्या दिवशी व्हरांड्यातच टेकली होती. थांब म्हटलं असतं, तर ती थांबली असती.