ड्राय डेचं अर्धं शटर

मी आता जे सांगणार आहे, त्यावर तुमच्यातला एकही विश्वास ठेवणार नाही. नका ठेवू! मित्रांनो, मी एक जुनं शटर आहे. आज तुमच्यासोबत या भंगारात पडलोय, पण नोकरी केली ती गंगापूर रोडला, मालनबाईंच्या वाइन शॉपवर.

जन्म सातपूरच्या कारखान्यातला. तारुण्यात असा सरसर चालायचो की मालनबाई मला दोन बोटांनी वर ढकलायच्या. "शटर असावं तर असं!" लोक म्हणायचे. कायदा तर मला तोंडपाठ. वेळ झाली की खाली. पंचविशीच्या आतल्या पोराला व्हिस्की नाही, परवान्याशिवाय कुणालाच नाही, आणि मतदानाच्या दिवशी तर प्रत्यक्ष उमेदवारालाही नाही.

पण मालनबाईंचा एक नेम होता. दुकान चालू असो की बंद, गल्ल्यावरच्या गणपतीला रोज उदबत्ती. मतदानाच्या सकाळीही त्या आल्या, मला अर्धं उचललं आणि वाकून आत शिरल्या.

आता ड्राय डेला अर्धं शटर दिसलं की नाशिककर काय समजतो, हे मी सांगायला हवं का? काडी पेटायच्या आत रांग लागली. डोकं माझ्यापाशी, शेपूट दिंडोरीच्या द्राक्षबागेत!

"मावशी, हळूच एक क्वार्टर सरकवा ना," ललित नावाचं रोजचं गिऱ्हाईक खाली वाकून कुजबुजलं.

"मेल्या, पूजा करतेय मी! लायसन घालवशील माझं. ह्यांच्यामागं तेवढाच आधार आहे."

तेवढ्यात उत्पादन शुल्कवाल्यांची गाडी वळली. अर्धं शटर, बाहेर रांग, आत बाई. लायसन गेल्यातच जमा होतं. मित्रांनो, त्या क्षणी मी निर्णय घेतला. डोळे मिटले आणि स्वतःच्या मर्जीनं धाडकन खाली आलो.

साहेब उतरले. "रांग कसली ही?"

"मतदानाची," ललित म्हणाला.

"बोटाला शाई लागलीय की तुझ्या!"

"मग... दर्शनाची, साहेब."

नेमकी आतून मालनबाईंची घंटी वाजली. रांगेनं पटापट चपला काढल्या आणि टाळ्या वाजवत आरती धरली. साहेबही बिचारे टोपी काढून उभे राहिले.

आरती संपल्यावर म्हणाले, "बाई, उघडा."

"उघडत नाही हो!" आतून आवाज आला.

अख्ख्या रांगेनं जोर लावला. मी तसूभरही हललो नाही. शेवटी साहेब म्हणाले, "शटर बंद म्हणजे विक्री बंद. कारवाई कशावर करू?" लायसन वाचलं! मालनबाईंना मागच्या खिडकीतून बाहेर काढलं, आणि साहेबांनी मला कडक सॅल्यूट ठोकला.

तर मित्रांनो, कायदा पाळावा. कुणी न सांगता, अगदी स्वतःहून, मी पाळला तसा...

"स्वतःहून?" माझ्या पत्र्यात अडकलेली जुनी स्प्रिंग किंचाळली. "खोटारड्या! वर्षभर कुणी ग्रीसचं बोट लावलं नाही, म्हणून मी तुटले आणि तू आपटलास. आणि आपटताना 'आई गं' म्हणून केवढ्यानं ओरडलास, ते सांग की यांना!"