पाटीवरची पंचाण्णव मिनिटं

लुंबिनी गजभारेनं नांदेडला खोली करून राहून संख्याशास्त्रात एम.एस्सी. केली, तीही पहिल्या वर्गात. प्राध्यापकाच्या जागा निघतील म्हणून दोन वर्षं वाट बघितली आणि शेवटी मिळाली ती नोकरी धरली. लातूरपासून आठ किलोमीटरवर, नांदेडकडं जाणाऱ्या रस्त्याला लागून असलेल्या करमणूक पार्कात पाट्या लिहायची.

काम सोपं होतं. दर अर्ध्या तासाला प्रत्येक खेळापाशी जायचं, रांगेतल्या शेवटच्या माणसाचा नंबर लागायला किती वेळ लागेल याचा अंदाज बांधायचा, तो आकडा खडूनं पाटीवर लिहायचा आणि फोनवरून पार्कच्या अॅपवर टाकायचा. तिकडं बिलोलीत तिचे वडील रामकिशन मात्र भेटेल त्याला सांगायचे, "लेक लातूरला मॅनेजर हाय." लुंबिनीनं त्यांना दोनदा खरं सांगून पाहिलं, मग सोडून दिलं.

पार्क चंद्रप्पांचा. मूळचा धंदा डाळ मिलचा, पण नातवंडांना घेऊन हैदराबादेकडं एकदा असलं पार्क बघून आले आणि मनानं घेतलं. सगळे त्यांना अप्पा म्हणत. पुण्याहून एम.बी.ए. होऊन आलेला त्यांचा मुलगा रविकिरण पार्कचा कारभार बघायचा. सिनेमाच्या नावावर खेळ चालवायची कल्पना त्याचीच. दोन सिनेमा कंपन्यांशी करार करून त्यानं दोन मोठे खेळ उभे केले होते. एक 'अग्निगरुड'. आगीतून उडणाऱ्या नायकाचे तीन सिनेमे आले होते, त्याच्या नावानं उंच रुळांवरून सुसाट खाली येणारा सोळा जागांचा एकच डबा. दुसरा 'भिंगरी पलटण'. भंगारातून विमान बनवणाऱ्या चार गावाकडच्या पोरींचे सिनेमे, आणि त्यांच्या नावानं एका वेळी अठ्ठेचाळीस जणांना घेऊन गरगर फिरणारी मोठी चकती.

त्या बुधवारी रविकिरणनं लुंबिनीला महिन्याभराचे आकडे घेऊन ऑफिसात बोलावलं. अप्पा खुर्चीत बसले होते. नांदेडला दुसरं पार्क काढायचं नक्की झालं होतं, जागाही घेऊन झाली होती, आणि ते मुख्य कोणत्या सिनेमावर उभं करायचं हे सोमवारी मुंबईच्या सिनेमावाल्यांना कळवायचं होतं.

"अप्पा, हे बघा," रविकिरणनं कागद पुढं सरकवला. "अग्निगरुडला रविवारची सरासरी थांबायची वेळ पंचाण्णव मिनिटं. भिंगरीला आठ. माणूस दीड तास उन्हात उभा राहतोय म्हणजे त्या सिनेमाचं वेड किती असेल! भिंगरीची हवा गेली आता. नांदेडचं अख्खं पार्क अग्निगरुडवर करू, आणि इथली भिंगरी उन्हाळ्याआधी काढून टाकू."

अप्पांनी मान हलवली. लुंबिनी दाराशी उभी होती. जायला हरकत नव्हती, कुणी तिला थांब म्हटलं नव्हतं. पण कागदावरचा एकेक आकडा तिनं स्वतः लिहिलेला होता, आणि त्याच्यावरून भलतंच काही ठरत होतं.

"अप्पा, एक बोलू का?"

रविकिरणनं वळून बघितलं. अप्पा म्हणाले, "बोल की."

"ह्या आकड्यांवरून तसं निघत न्हाई."

"आकडे तर तूच लिहिलेत," रविकिरण म्हणाला.

"हाव. म्हणूनच सांगून राहिले." ती अप्पांकडं वळली. "अप्पा, तुमच्या डाळ मिलीसमोर ट्रकांची रांग लागली तर तुम्ही काय म्हणता? तूर लई आली म्हणता, का मिलीत काहीतरी अडलंय म्हणता?"

अप्पांनी चष्मा काढला. "आधी मिलीत जाऊन बघतो. बहुतेक वेळा पट्टाच निसटलेला असतोय."

"इथं कुणी बघितलंच न्हाई. अग्निगरुडचा डबा तासाला शंभर माणसंबी नेत न्हाई. भिंगरी पाचशेच्या वर नेती. भिंगरीला रांग दिसत न्हाई, कारण माणूस आला की बसला. तिच्यावर लोक कमी हायत म्हणून न्हाई."

"हे सगळं पुस्तकातलं झालं," रविकिरण म्हणाला. आवाजात राग नव्हता, घाई होती. "मला तिथं उभी असलेली माणसं दिसतात. ती खोटी आहेत का?"

"माणसं खरी हायत. ती कशानं उभी हायत, ते चुकतंय. मला हा रविवार द्या. अग्निगरुडची रांग मी कमी करून दाखवते. एक माणूस माघारी न पाठवता."

अप्पांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. मग म्हणाले, "सोमवारी सांगायचंय ना? मग रविवार मधी हायच की. घे पोरी."

गुरुवारी सकाळीच लुंबिनी वही आणि फोनमधलं घड्याळ घेऊन अग्निगरुडच्या ओट्यावर जाऊन उभी राहिली. डबा चालवणारा दगडोबा पन्नाशीचा, मिशा पिळलेला माणूस. तो तिच्याकडं संशयानं बघायला लागला.

"माझी तक्रार करायलीस का काय?"

"न्हाई हो दगडोबामामा. तुम्हाला त्रास कशाचा व्हायलाय, ते लिहून घेते."

असं त्याला आजवर कुणी विचारलं नव्हतं. मग तो बोलायला लागला तर थांबेना. फेरी दोन मिनिटांची. बाकीची आठ मिनिटं माणसं बसण्या-उतरण्यात जायची. लोक डब्यात बसल्यावर त्यांना सांगायचं की चपला काढा, मोबाइल द्या, चष्मा द्या. मग कुणी उठायचं, कुणी खिसे चाचपायचं, कुणाची ओढणी सळईत अडकायची, एखाद्या बाईला पदर खोचायला जागा मिळायची नाही. सामान ठेवायची खिडकी ओट्याच्या पलीकडच्या टोकाला. आणि सोळाच्या सोळा पट्टे एकटा दगडोबा ओढून बघायचा.

"पट्टे बघण्यात एक सेकंद कमी करायचा न्हाई," लुंबिनी म्हणाली. "बाकीचं आपण बदलू."

खिडकीवर बसणारी स्वप्नाली तिच्याच वयाची होती, चटपटीत. दोघींनी मिळून सामानाची खिडकी उचलून रांगेच्या सुरुवातीला आणली. चपला-मोबाइलसाठी नंबर घातलेल्या कापडी पिशव्या शिवून घेतल्या. पदर आणि ओढण्यांसाठी सेफ्टी पिनांचा डबा ठेवला. ओट्यावर पांढऱ्या रंगानं सोळा चौकोन काढले, म्हणजे डबा रुळांवर असतानाच पुढचे सोळा जण आपापल्या जागेसमोर उभे. दगडोबाच्या जोडीला पट्टे तपासायला आणखी एक जाणता माणूस अप्पांकडून मागून घेतला.

शनिवारी संध्याकाळी पार्क बंद झाल्यावर त्यांनी सगळ्या कामगारांना बसवून पाच वेळा सराव केला. पाचव्या वेळी एक फेरी, माणसं चढून-उतरून, चार मिनिटांत झाली. दगडोबानं मिशीवरून हात फिरवला. "आयला," एवढंच म्हणाला.

रविवार उजाडला तो कडक उन्हाचा. औसा, रेणापूर, उदगीर, कुठून कुठून गाड्या भरून आल्या. दहाला दार उघडलं आणि माणसं नेहमीसारखी अग्निगरुडकडं पळाली. साडेदहाला लुंबिनीनं पाटीवर पस्तीस लिहिलं. नेहमी या वेळेला पन्नास असायचे, आणि खरी गर्दी अजून यायची होती.

साडेअकराला तिनं तीस लिहिलं. बाराला पंचवीस. साडेबाराला, ज्या वेळी महिनाभर एकाही रविवारी तिथं पंचाण्णवच्या खाली आकडा उतरला नव्हता, तिनं पाटी पुसली आणि अठरा लिहिलं. खडू हातात तसाच धरून ती क्षणभर उभी राहिली. डबा भरत होता, सुटत होता, परत येत होता, आणि दगडोबा घामानं भिजून हसत होता.

तेवढ्यात रविकिरण धावत आला. हातात फोन, त्यावर अॅप उघडलेलं.

"अठरा? हे काय केलंस? रांग कुठंय?"

"रुळांवर हाय," स्वप्नाली हळूच म्हणाली.

"अगं, दारातून आत आल्यावर लोकांना रांग दिसली पाहिजे! रांग बघूनच लोक येतात. अठरा मिनिटं वाचून म्हणतील, हा खेळ पडला. दगडोबा, सावकाश घ्या जरा."

दगडोबानं हात थांबवला. तो कधी मालकाकडं, कधी लुंबिनीकडं बघू लागला. रविकिरणच्या मागोमाग अप्पा काठी टेकत सावकाश येऊन पोचले होते. लुंबिनीनं ते बघितलं, आणि तिची उरलीसुरली भीती गेली.

"दादा, गेल्या रविवारी पंचाण्णव, आज अठरा. तुमच्या हिशेबानं बघितलं तर आठ दिवसांत ह्या सिनेमाचं वेड पाचपट कमी झालं. सिनेमा तर तोच हाय. मग काय बदललं?"

रविकिरणनं फोनवरचा आकडा परत बघितला.

"पिशव्या बदलल्या," तीच म्हणाली. "आणि आत्ता तुम्ही दगडोबामामाला म्हणालात, सावकाश घ्या. एका शब्दावर रांग वाढते आणि एका शब्दावर कमी होते. मग ती सिनेमाचं मोजमाप कशी व्हायची?"

अप्पा मोठ्यानं हसले. आजूबाजूचे लोकही वळून बघायला लागले. "रवी, पट्टा निसटलेला होता बघ," ते म्हणाले. मग गंभीर होऊन त्यांनी विचारलं, "पण पोरी, मग लोकांना कोणता सिनेमा आवडतो ते कळायचं कसं?"

"मोजून आणि विचारून. किती बसले ते मी आज मोजून राहिले. आणि विचारायचं तर तुम्हीच चला."

तिनं अप्पांना आधी अग्निगरुडच्या रांगेत नेलं. पहिला भेटला तो रेणापूरचा एक तरणा. सिनेमा बघितला का, म्हणून विचारलं तर म्हणाला, "न्हाई बा. लई उंच हाय म्हणून आलो." त्याच्या मागचे दोघे म्हणाले, मागच्या वेळी रांग एवढी मोठी होती की आत काहीतरी भारी असणार असं वाटलं. एकानं मात्र छाती काढून तिन्ही भाग बघितल्याचं सांगितलं आणि नायकासारखे हात पसरून दाखवले. अप्पांनी त्याच्या पाठीवर थाप मारली.

मग भिंगरीपाशी आले. तिथं रांग म्हणावी अशी नव्हतीच. माणसं येत होती आणि सरळ चढत होती. चकती सुरू होताना वरच्या भोंग्यातून सिनेमातली हाळी वाजायची, "पंखा लाव!", आणि अठ्ठेचाळीस गळे एकदम ओरडायचे, "उडव गाव!" अप्पा दचकलेच. त्यांनी आपल्या ऑफिसातून हे कधी ऐकलं नव्हतं.

उदगीरकडची नागम्मा नावाची एक म्हातारी दोन नातींना घेऊन उतरत होती. अप्पांनी हात जोडून तिला शरणार्थ केला आणि विचारलं, "कितव्यांदा बसलाव?"

"आज चौथ्यांदा," ती म्हणाली. "काय करू, ह्या पोरी ऐकत न्हाईत. घरी तो पिच्चर लावून लावून मला बी पाठ झालाय. धाकटी म्हणती, मी मोठी होऊन विमान करणार." धाकटीनं लगेच मान डोलावली.

अप्पा तिथं अर्धा तास उभे राहिले. एकेकाला विचारत राहिले, आणि लुंबिनी वहीत रेघा मारत राहिली. नंतर अग्निगरुडच्या रांगेतही तिनं दुपारभर तेच विचारलं.

संध्याकाळी ऑफिसात तिनं वही उघडली. त्या दिवशी अग्निगरुडमध्ये साडेबाराशे माणसं बसली होती, एरवीपेक्षा पाचशे जास्त. भिंगरीत बसली होती तीन हजार सहाशे. अग्निगरुडच्या रांगेत विचारलेल्या दर शंभरांत छत्तीस जणांनी तो सिनेमा बघितला होता. भिंगरीपाशी एक्क्याऐंशी जणांनी.

"एकाच रविवारचे आकडे हायत," ती म्हणाली. "मुंबई-पुण्यात काय असंल ते मला ठाऊक न्हाई. पण इथं येणाऱ्या लोकांचं मन कुठं हाय, ते एवढ्यावरून दिसतं."

रविकिरणनं वही ओढून घेऊन सगळे आकडे वाचले. मग त्यानं महिन्याचा तो तक्ता उचलला, दोन तुकडे केले आणि टोपलीत टाकले. "मी दीड वर्ष हे अॅप बघतोय," तो म्हणाला. "एकदाही ओट्यावर जाऊन उभा राहिलो नाही. चुकलंच माझं." आणि मग, जरा हसून, "पण अग्निगरुडचे पाचशे वाढले, हे मी माझ्या नावावर घेणार."

"घ्या की," लुंबिनी म्हणाली, आणि सगळेच हसले.

सोमवारी अप्पांनी मुंबईला फोन लावला तो सगळ्यांसमोर. नांदेडचं पार्क मुख्य भिंगरी पलटणवर होणार, एका बाजूला अग्निगरुडही राहणार, आणि लातूरची भिंगरी कुठंही हलणार नाही. पलीकडच्या माणसानं विचारलं असावं की हे कोणी ठरवलं, कारण अप्पा खुर्चीत सरळ झाले आणि म्हणाले, "आमच्या मॅनेजर मॅडमनी. लुंबिनी गजभारे. नांदेडचं पार्क त्याच उभं करणार हायत. नाव लिहून घ्या." दाराबाहेरून दगडोबानं अशी शिट्टी मारली की झाडावरचे पारवे उडाले. स्वप्नालीनं लुंबिनीला घट्ट मिठी मारली.

त्या दुपारी लुंबिनीनं बिलोलीला फोन केला. "जय भीम, बाबा. मी मॅनेजर झाले."

"ते तर मी कवाचं सांगून राहिलो," रामकिशन म्हणाले, आणि फोन तसाच सोडून गल्लीत सांगायला निघाले. फोन तिच्या आईनं, पार्वतीबाईंनी, घेतला.

पुढच्या रविवारी दोघं पहाटेच्या गाडीनं लातूरला आले. रामकिशननी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता आणि दिसेल त्या कामगाराशी ते हात मिळवत होते. भिंगरीत दोघंही बसले. मग पार्वतीबाईंनी अग्निगरुडच्या उंच रुळांकडं बोट केलं. रामकिशन म्हणाले, "येडी झालीस का?" पण बाई पदराला पिन लावून, चपला पिशवीत घालून, पांढऱ्या चौकोनात जाऊन उभ्यासुद्धा राहिल्या. दगडोबानं त्यांचा पट्टा दोनदा ओढून बघितला.

डबा वर चढला, टोकावर क्षणभर थांबला आणि खाली कोसळला. पार्वतीबाईंची किंकाळी अख्ख्या पार्कात ऐकू गेली. खाली उतरल्या तेव्हा केस विस्कटलेले, डोळ्यांत पाणी, आणि चेहरा लहान पोरीसारखा.

"नांदेडला बी हे असंच बसवणार ना ग?"

"हाव, आई," लुंबिनी म्हणाली. "तिथं दोन डबे लावणार हाय."