करवतीचं दुसरं टोक

हेल्मी लेहतो सोळा वर्षांची. दुपारी बारापर्यंत हायस्कुलात आणि त्यानंतर टेकडीवरच्या कॉलेजात, असं तिचं दोन ठिकाणी शिक्षण चाललेलं. अमेरिकेतल्या मिशिगन राज्याच्या उत्तरेकडच्या त्या जंगलातल्या गावातली दहा-बारा पोरं अशी जायची. कॉलेजचा तास संपला की मुकाट्यानं बस गाठायची, हा त्यांचा शिरस्ता.

सप्टेंबरात कॉलेजच्या हिरवळीवर क्लबांची टेबलं लागली. ते आपल्यासाठी नसतं, असं म्हणून बाकीची पोरं पुढे गेली. हेल्मी लाकूडतोड्यांच्या क्लबापाशी थबकली. टेबलावर माणसाएवढी लांब करवत होती, दोन्ही टोकांना मुठी असलेली. हायस्कूलच्या मुलांना घेता का, असं तिनं चाचरत विचारलं. क्लबाचा अध्यक्ष ट्रॅव्हिस यानं तिचं ओळखपत्र मागून घेतलं.

"फोटो भयंकर आहे, पण कॉलेजचाच आहे," तो म्हणाला. "लिही नाव."

अठरा पूर्ण नसल्यानं वडिलांची सही लागणार होती. हेल्मीचे वडील आर्वो रस्त्यावरचं बर्फ उपसणारी गाडी चालवायचे आणि दिवसाला मोजून वीस शब्द बोलायचे. त्यांनी कागद तीनदा वाचला.

"करवतीच्या दुसऱ्या टोकाला कोण?"

दुसऱ्या टोकाला होती रोझेला पेल्टियर, वय वर्षं सत्तावन्न. इस्पितळाच्या स्वयंपाकघरात तीस वर्षं काढून आता ती वनशास्त्र शिकायला आली होती. क्लबातल्या सगळ्या जोड्या जमल्यावर उरल्या त्या या दोघीच. हेल्मी तिला मिसेस पेल्टियर म्हणू लागली, तर तिनं तिथल्या तिथे थांबवलं. "रोझेला म्हण गं. आपण दोघी एकाच इंग्रजीच्या वर्गात गटांगळ्या खातोय. तिथं कसला आलाय मान?"

रविवारी रोझेला स्वतःच लेहतोंच्या घरी आली. वेलचीच्या गोड पावाचे चार काप तिनं फस्त केले आणि आर्वोंना वचन दिलं की पोरीची दहाच्या दहा बोटं परत आणून देईन. आर्वोंनी सही केली.

सराव मात्र काही केल्या जमेना. आपली ओढ संपली की मूठ सैल सोडायची, पलीकडचीनं ओढायचं, एवढंच. पण हेल्मी जिवाच्या आकांतानं करवत ढकलायची, मग पातं वाकायचं आणि ओंडक्यात अडकून बसायचं.

"ढकलू नकोस. मी आहे ना इकडे," रोझेला शंभरदा सांगायची.

ऑक्टोबरात पाच कॉलेजांची ओंडके कापायची स्पर्धा झाली, नऊ जोड्यांची. पंचाला वाटलं, आजीबाई नातीला घेऊन बघायला आल्यात. त्यानं दोघींना आदबीनं दोरीमागे उभं राहायला सांगितलं. रोझेलानं दोन्ही ओळखपत्रं त्याच्या तळहातावर ठेवली. त्याचा चेहरा बीटासारखा लाल झाला.

शिट्टी वाजली. तिसऱ्या ओढीला रोझेला हळूच म्हणाली, "त्याचं तोंड बघितलंस का?"

झालं. हेल्मीला हसू फुटलं, ते आवरेना. हसता हसता हातातलं बळच गेलं, ढकलायचं राहूनच गेलं, आणि करवत लोण्यातून फिरावी तशी सरसर फिरू लागली. समोर रोझेलाही खिदळत होती. दोघींच्या डोळ्यांतून पाणी, नाकातोंडात भुसा. शेजारच्या जोडीनं वळून पाहिलं आणि तिची लय चुकली. तेवढ्यात ओंडक्याची चकती धप्पकन खाली पडली.

एकतीस सेकंद. नऊ जोड्यांत तिसरा नंबर.

दोघी तिथंच भुशात बसून हसत राहिल्या. पुढच्या जोडीला करवत हवी होती, म्हणून ट्रॅव्हिसनं काखेत हात घालून एकेकीला बाजूला केलं. दोरीमागे बघायला आलेल्या आर्वोंनी टोपी हवेत भिरकावली होती, ती पंचाच्या कॉफीत पडली. ती घ्यायला ते दोरीखालून आत आले. टोपी पिळता पिळता त्यांनी ट्रॅव्हिसला विचारलं, या कॉलेजात दिवसा गाडी चालवणाऱ्याला जमतील असे संध्याकाळचे वर्ग असतात का.