घुबडाला दिलेली ताकद

दर रविवारी आम्ही चौघं बोळिंजला माझ्या घरी फाशांचा खेळ खेळतो. कुणी योद्धा होतं, कुणी चेटकीण. संकटं मी सांगायची आणि कोण वाचणार ते फाशांनी ठरवायचं. ड्रॅगनचा मला वीट आला होता. म्हटलं, आपल्याच आसपासची जनावरं घेऊ. कोल्ह्याला, घोरपडीला एकेक ताकद दिली. घुबडाला जरा जास्तच दिली: ते तिसऱ्यांदा ओरडलं की ऐकणाऱ्याच्या घरातलं माणूस जातं. आवाजही असा काढला की सगळे गार पडले. खेळात लतिकाच्या चेटकिणीचा बाप मेला आणि मी टाळ्या घेत बसलो.

पुढच्याच आठवड्यात लतिकाचे खरे बाबा आयसीयूत गेले.

ती माझ्या खालच्याच मजल्यावर राहते. आज सकाळी बाथरूममागच्या डक्टमधून फुसफुस ऐकू आली म्हणून वाकून पाहिलं. तिच्या बाथरूमच्या खिडकीशी कबुतरांसाठी लावतात तसली नवीकोरी जाळी होती. आत घुबडाची दोन पिल्लं चोची वासून बसलेली, आणि आई बाहेर पाइपावर, पंजात उंदीर घेऊन.

मी तसाच खाली गेलो. लतिका हॉस्पिटलचा डबा भरत होती. बँकेत नोकरी करणारी, पत्रिकेला हसणारी पोरगी. घुबड दोनदा ओरडलं होतं, तिसऱ्यांदा त्याला येऊच द्यायचं नाही म्हणून जाळी लावली, म्हणाली. पिल्लं तिलाही दिसली होती. हे सांगताना ती रडत होती.

"ते सगळं मी बनवलंय गं," मी म्हटलं. "वडापाव खाता खाता. घुबड उंदीर खातं, बाकी काही करत नाही."

तिने कात्री काढली, पण हातातच धरून ठेवली.

"मग आता म्हण, बाबा घरी येतील. तू म्हणतोस तसंच होतं ना?"

मला काय ठाऊक? मी काय डॉक्टर आहे? नाही म्हणायला हवं होतं. पण मागे पिल्लांची फुसफुस चालूच होती.

"येतील," मी म्हटलं.

तिने कात्री दिली. मी जाळी कापून बाजूला झालो, तशी पिल्लांची आई आत शिरली. मला मात्र धड हायसंही वाटेना, लाज वाटत होती. लतिका स्वयंपाकघरात आईला फोन लावून सांगत होती, "रडू नकोस, बाबा घरी येणार आहेत. नक्की."