खुर्चीचा परिचय

आमचे हे दाराची बेल वाजवत नाहीत. कुणाच्याच. पाहुणे म्हणून कुठे गेलो तरी मला पुढे करतात आणि स्वतः दोन पायऱ्या खाली उभे राहतात. आपल्याच घराची किल्ली विसरले तर पायरीवर बसून राहतील, पण बटणाला बोट लावणार नाहीत. आमच्या घरात यावरून भरपूर थट्टा झालेली आहे. "नोकरी पोलिसात, आणि भीती बेलची," असं मी चारचौघांत सांगायचे, लोक हसायचे. हेही हसायचे.

हे शहर पोलिसांचे उपप्रमुख झाले तेव्हा सगळ्यात जास्त आश्चर्य ह्यांनाच वाटलं. त्या खुर्चीत बसणारी माणसं गुन्हे शाखेतून यायची. छापे घातलेली, टोळ्या पकडलेली, वर्तमानपत्रात फोटो आलेली. ह्यांची सगळी नोकरी वाहतूक शाखेत गेली. आधी चौकात, मग अपघात कक्षात, मग कार्यालयात. पण जुन्या प्रमुखांनी जाता जाता ज्येष्ठता बघितली, ह्यांचं नाव लावलं आणि ते निवृत्त झाले. त्यांच्या जागी नवे प्रमुख आले ते दुसऱ्या शहरातून. त्यांना इथलं कुत्रंही ओळखत नव्हतं, आणि त्यांनाही इथलं कोणी माहीत नव्हतं. म्हणून त्यांनी येण्याआधी एक काम केलं. पोलिसांच्या संकेतस्थळावर सगळ्या वरिष्ठ अधिकाऱ्यांचे फोटो आणि परिचय असतात, ते त्यांनी पाठ केले.

ह्यांचा परिचय मी वाचला आणि हसू आवरेना. पहिला परिच्छेद ठीक होता. दुसऱ्यात लिहिलं होतं, की एका बँकेत ओलीस धरलेल्या माणसांना ह्यांनी दिवसभर वाटाघाटी करून सोडवलं, आणि या कामाचं खास प्रशिक्षण परदेशात घेतलं. आमचे हे कधी परदेशात गेलेले नाहीत. आणि वाटाघाटी म्हणाल, तर भाजीवाल्याशीसुद्धा मलाच कराव्या लागतात.

झालं होतं असं, की जनसंपर्क कक्षात नवा परिचय कोणी लिहीतच नाही. खुर्चीवरचा माणूस बदलला की आधीच्याचं पान उघडायचं, फोटो काढून फोटो टाकायचा, नावाच्या जागी नाव, शाखेच्या जागी शाखा. ह्यांच्या आधी त्या खुर्चीत एक बाई होत्या, आता निवृत्त झालेल्या. बँकेचं प्रकरण त्यांचं. तो परिच्छेद काढायचा राहून गेला.

"दुरुस्त करून घ्या हो," मी म्हटलं.

"उद्या सांगतो," हे म्हणाले, आणि खरोखर सांगणार होते.

पण त्याच संध्याकाळी आमच्या थोरलीचा निरोप आला. तिने ते पान बघितलं होतं, घरच्या ग्रुपवर टाकलं होतं, आत्यापासून मावसभावापर्यंत सगळ्यांना पाठवलं होतं. खाली लिहिलं होतं, 'बाबा! इतकं मोठं काम केलंत आणि आम्हाला बोलला नाहीत!' ह्यांनी ते स्वयंपाकघरात उभ्याने वाचलं. चष्मा पुसला, परत वाचलं. मग चहा कर म्हणाले, आणि ते 'उद्या' काही उगवलं नाही.

आता थोरलीचं सांगते, म्हणजे कळेल. शाळेत तिला 'शिट्टीवाल्याची पोर' म्हणायचे. हे शाळेसमोरच्याच चौकात उभे असत, पांढरे हातमोजे घालून. ती लांबच्या फाटकाने बाहेर पडायची. वडील काय करतात असं कोणी विचारलं, की 'सरकारी नोकरी' एवढंच सांगायची. ह्यांना ते माहीत होतं. कधी एका शब्दाने बोलले नाहीत. मोठी झाली, नोकरीला लागली, पण बापाच्या कामाबद्दल तिने काही विचारलेलं मला आठवत नाही.

मी तिला फोन करून खरं काय ते सांगणारच होते. मला असलं खोटं श्रेय घशाखाली उतरत नाही. तर ह्यांनी चक्क हात जोडले. "थोडे दिवस राहू दे गं," म्हणाले. माझं डोकं फिरलं होतं, पण त्या जोडलेल्या हातांपुढे काय बोलणार? मी फोन ठेवून दिला.

नव्या प्रमुखांनी मग एका रविवारी दुपारी सगळ्या वरिष्ठांना घरच्यांसकट चहाला बोलावलं. मुख्यालयातली बैठकीची लांबलचक खोली, भिंतीवर शहराचा नकाशा, टेबलावर चादर पसरून तिच्यावर कपबशा. थोरली नवा ड्रेस घालून आमच्याबरोबर आली होती. आपणहून. धाकट्याला मी विचारलं, तर तो म्हणाला, "मी झोपणार."

प्रमुख उंच, आवाज खणखणीत. प्रत्येकासमोर उभं राहून त्याचीच नोकरी त्याला ऐकवत होते. "तुम्ही श्वानपथकातून वर आलात. तुम्ही सायबर शाखा उभी केलीत." लोक फुलून येत होते. आमच्यापाशी आले तर थेट थोरलीलाच म्हणाले, "तुमच्या वडिलांचं ते बँकेचं प्रकरण मी नव्या मुलांना शिकवायला घेणार आहे!"

थोरली अशी काही खुलली, की मला तिच्याकडे बघवेना. आमचे हे खिडकीबाहेरची पार्किंगची जागा निरखत होते.

तेवढ्यात एक अधिकारी फोन हातात घेऊन घाईघाईने आत आला. एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एका माणसाने स्वतःच्या दोन मुलांसकट आतून कडी लावून घेतली होती. गॅस उघडलाय, जवळ आलात तर काडी ओढतो, असं दाराआडून ओरडत होता.

खोलीतल्या कपबशा वाजायच्या थांबल्या. प्रमुख ह्यांच्याकडे वळले. "निघा तुम्ही. नशीब, आपल्याकडे अनुभवी माणूस आहे."

ह्यांच्या हातात कप होता. थोरली ह्यांच्याकडे बघत होती. ह्यांनी एकदा तिच्याकडे बघितलं, कप बशीत ठेवला.

"साहेब, तो मी नाही."

"म्हणजे?"

"बँकेचं काम माझ्या आधीच्या बाईंचं. मला ते येत नाही. मी गेलो तर ती पोरं जातील." ह्यांचा आवाज नेहमीसारखाच होता, चौकात वाट विचारणाऱ्याला सांगावं तसा. "त्यांच्या हाताखाली शिकलेल्या एक निरीक्षक प्रशिक्षण केंद्रात आहेत. त्यांना पाठवा. मी रस्ता मोकळा करून देतो."

"पण तुमच्या पानावर लिहिलंय!"

"चुकून राहिलं. मी वाचलं होतं. काढायला सांगितलं नाही."

प्रमुखांनी ह्यांच्याकडे असं बघितलं, की त्यापेक्षा शिवी परवडली असती. "याचं नंतर बघू," म्हणाले. मग दोघेही फोनला लागले. प्रमुखांनी निरीक्षक बाईंना बोलावलं. हे नकाशासमोर उभे राहून एकेक चौक बंद करवत होते, एकेक उघडवत होते. बाकीचे साहेब आणि त्यांच्या बायका आमच्याकडे बघायचं टाळत होत्या. थोरली लालबुंद होऊन खाली मान घालून बसली. तिच्या हातात बिस्कीट होतं, ते तिने खाल्लं नाही आणि खालीही ठेवलं नाही.

अंधार पडायच्या आत बातमी आली. निरीक्षक बाईंनी त्याला बोलतं ठेवलं होतं. माणूस रडत बाहेर आला, दोन्ही मुलं सुखरूप होती. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. ह्यांच्याशी मात्र कोणी बोललं नाही. बाहेर पडताना जनसंपर्क कक्षातल्या बाई डोळे पुसत उभ्या होत्या. हे त्यांना म्हणाले, "तुमचं विसरणं झालं. माझं तसं नव्हतं." आणि पुढे चालू लागले.

गाडी हेच चालवत होते. मी शेजारी, थोरली मागे. मग मागून आवाज आला, चिडलेला.

"मग तुम्ही करायचात काय, बाबा? इतकी वर्षं?"

मी तिला झापायला मागे वळले, पण ह्यांनी हाताने थांबवलं.

"चौकात होतो. ते तू बघितलंयस. मग अपघात कक्षात."

"तिथे काय करायचात?"

"मोजमाप. टेप धरायची, रस्त्यावर खडूने खुणा करायच्या." एवढं मलाही ठाऊक होतं. त्या खडूच्या पँटी मीच धुतल्या आहेत. पुढे सिग्नल लागला, ह्यांनी गाडी थांबवली. "आणि घरी जायचो."

"कुणाच्या घरी?"

"ज्यांचा माणूस गेला त्यांच्या. कुणीतरी जाऊन सांगावं लागतं ना. फोनवर नाही सांगत ते. कक्षात कोणी तयार व्हायचं नाही. मग मी जायचो."

"दर वेळी तुम्हीच?"

"बहुतेक वेळा." सिग्नल हिरवा झाला, गाडी हलली. "बेल वाजवली की आतून आवाज येतो, 'आले, आले.' लोक हसत दार उघडतात गं. त्यांना वाटतं, आपलंच माणूस आलं."

मला ह्यांचा इतका राग आला, की गाडी थांबवायला लावून रस्त्यातच भांडावंसं वाटलं. एवढी वर्षं एका ताटात जेवलो आम्ही. खडूचं सांगितलंत, टेपचं सांगितलंत, हे नाही सांगितलंत? मी चारचौघांत थट्टा करत राहिले आणि तुम्ही माझ्याबरोबर हसत राहिलात? पण मी गिअरवरच्या त्यांच्या हातावर हात ठेवला, आणि त्यांनी तो राहू दिला.

घरी पोचलो तर घराची किल्ली नाही. ती गडबडीत बैठकीच्या टेबलावरच राहिली होती. माझी पर्स धुंडाळली, तर माझी किल्लीही घरातच राहिलेली. धाकटा घरात होता, गाण्याचा आवाज बाहेरपर्यंत येत होता. हे सवयीने दोन पायऱ्या खाली जाऊन थांबले. मीही सवयीने बेलकडे हात नेला.

थोरलीने माझं मनगट धरलं. दुसऱ्या हाताने पर्समधून फोन काढला आणि भावाला लावला.

"दार उघड," ती म्हणाली. "आम्ही आलोय. सगळे आलोय. बाबापण आलेत."