माझं टोक आन् पोपटमामांची बोटं

मित्रांनो, मी एक सुई हाय, आन् तीबी बोथट! हसलात ना? सगळेच हसतात. पण मी झिजून बोथट झालेली न्हाई, कारखान्यातनंच तशी निघालीय. गोल टोकाची, मोठ्या नेढ्याची. भरतकामाचं मॅटीचं कापड असतं ना, त्याला विणतानाच बारकी बारकी भोकं राहिलेली असतात. मी नुसती त्यातनं ये-जा करायची आन् फुलीचे टाके घालायचे. टोक हवंय कुणाला?

पण गिऱ्हाइकांना हे कोण सांगणार? सणसवाडीच्या दुकानात मी रिबिनींच्या मागं पडून होते. एका बाईनं तर नेऊन परत आणली. "आवो, हिला टोकच न्हाई!" लई वाईट वाटलं. मग कारेगावची गौतमी आली, शाळकरी पोरगी, आन् मला बघून म्हणाली, "हीच पायजे! मामासाठी."

तिचा मामा म्हंजी पोपटमामा. कंपनीत पत्रा दाबायच्या प्रेसवर त्यांच्या डाव्या हाताची दोन बोटं चेंगरली होती. बोटं वाचली, हलायचीबी, पण त्यांना लागलेलं, टोचलेलं कायबी कळंना. डॉक्टर म्हणाले, बारीक कामाला लावा, जीव आला तर येईल. तवा गौतमीनं कापड ताणलेली रिंग मामांच्या हातात दिली.

"आगं, पोरीबाळींचं काम हे," मामा कुरकुरले.

"मग प्रेस आणून देऊ का घरात?" गौतमीची आई, राजश्रीताई, आतनं म्हणाली. मामांनी रिंग मांडीवर घेतली!

आधी धावदोरा, मग टीप, मग फुली. "मामा, जाताना सगळ्या तिरक्या रेघा, येताना त्यांवर उलट्या. वरची रेघ सगळीकडं एकाच बाजूला झुकली पायजे हां." उजवा हात मला वरनं सोडायचा, आन् खाली ती दोन मुकी बोटं मला चाचपायची, धरायची, वर धाडायची. मी निसटायची, ती परत धरायची.

एकदा मामा उठले आन् रिंग पोटाला लटकत आली! शर्टासकट शिवलं होतं. गौतमी हसून हसून लोळली, मामाबी हसले. मग त्यांनी ती बोटं दाताखाली धरून बघितली, आन् त्यांचं तोंडच उतरलं. "न्हाई यायचा जीव ह्यात," म्हणाले.

त्यांचा दोस्त धम्मदीप आला, कंपनीत हत्यारं घासणारा, टूलरूमचा माणूस. "पोपट्या, ह्या खिळ्यानं काय शिवतोस? आण, घासून देतो." कुणी न्हाई म्हणायच्या आत घेऊन गेला बी! परत आले ती झ्याक टोकदार. खरं सांगते, मला आभाळ ठेंगणं झालं. पण कापडात शिरले आन् घोळ! भोक सोडून कापडाच्या दोऱ्याच्या मधनंच घुसायला लागले. फुल्या वाकड्या. आन् खाली एका बोटात रुतले, तर मामांना पत्ताच न्हाई. कापडावर लाल ठिपका उमटला.

"मामा, रक्त!" गौतमी ओरडली. "कुणी घासली ही? टाकून द्या आधी!"

"थांब, एवढी ओळ होऊ दे." मामांनी बोट पुसलं आन् मला परत खाली सोडलं. ह्या बारीला मी शेजारच्या, दुसऱ्या मुक्या बोटात गेले.

"आई गं!"

रिंगच खाली पडली.

"टोचणारच की! सांगत होते तुम्हाला..."

मामा बोट डोळ्यांपुढं धरून बसले. "गौतमे, दुखतंय गं."

गौतमी जोरात ओरडली, "आई, मामाला दुखतंय!" राजश्रीताई पिठाच्या हातानं पळत आली, आन् काय झालं ते कळल्यावर रडायलाच लागली. मामा मात्र म्हणत होते, "ताई, अजून ठणकतंय. लई भारी ठणकतंय!"

धम्मदीपनं कान धरले आन् पॉलिश पेपरवर माझं टोक परत गोल केलं. मला काय वाईट वाटलं न्हाई. एक बोट अजून झोपलंय ना, त्याच्यासाठी फुल्या चालूच हायेत. मला रिबिनींमागनं उचलणाऱ्या त्या पोरीचे उपकार कसे फेडू, तेच कळंना.

मित्रांनो, काम झालं की सुई कोरड्या फडक्यानं पुसा, कापडात टोचून ठेवा, आमाला गंज लई लवकर धरतो. आन् कुणी चुकत-माकत शिकत असंल, तर त्याच्या हातातनं काम ओढून घेऊ नका. त्याची बोटं काय शोधतायत, ते वरनं दिसत न्हाई. मी खालनं बघितलंय.