न पिणाऱ्याचं लिव्हर

यकृत हा मानवी देहाचा राजा असून त्याच्या हुकमावाचून रक्ताचा थेंबही सन्मार्गाला लागत नाही. हे वाक्य औरादच्या एका दवाखान्याच्या भिंतीवर रंगवलेलं होतं. त्याच्याखाली, तितक्याच मोठ्या अक्षरांत, 'येथे चपला काढू नयेत' असंही होतं, आणि सगळ्यांच्या चपला तिथंच होत्या.

त्यातली एक जोडी संतपूरच्या गुंडाप्पांची. साल दोन हजार नऊ. गुंडाप्पांचे हातपाय काटकुळे, पोट मात्र शर्टाच्या बाहेर यायला बघत असलेलं. वडील जन्मभर मेंढरांमागं चालले. गुंडाप्पांनी मेंढरं विकली आणि ते बसले. शेजारच्या कोंडाबाई आणि गावातल्या बायका बरोबर घेऊन त्यांनी स्टँडजवळचं शिंदीचं दुकान बंद पाडलं, मडकी फोडली, आणि त्याच जागी थंड बाटल्यांचं दुकान टाकलं. दारू सोडणाऱ्यांपुढं आदर्श असावा म्हणून ते स्वतः दिवसभर त्या गोड बाटल्या पीत. पंधरा वर्षं त्यांनी हा आदर्श निष्ठेनं घशाखाली उतरवला.

डॉक्टर मैत्रेयी संतपूरचीच, बळीराम मास्तरांची लेक. रिपोर्ट बघून ती म्हणाली, "काका, लिव्हरात चरबी साठलीय. साखर पण वाढलीय."

"बाई, मी थेंब घेतला न्हाई कधी."

"मला ठाऊक हाय की. हे दारूनंच व्हतं असं न्हाई. बाटल्यातली साखर, दिवसभर बसणं, त्यानंबी व्हतं. लिव्हर नुसतं पचवायचं काम करत न्हाई, काका. ते प्रथिनं बनवून रक्तात सोडतं. ती अंगभर फिरतात, आणि साखर कितपत घ्यायची हे हातापायाच्या मांसाला त्यांच्याकडनंबी कळतं. लिव्हरात चरबी साठली की ह्या प्रथिनांचं प्रमाण बिघडतं. मग इन्शुलिन हाका मारतं, मांस ऐकत न्हाई, साखर रक्तातच राहती. पुढं हृदयाला, किडनीला त्रास."

"म्हंजे लिव्हर खोटे निरोप धाडायलंय."

"तसंच समजा. पर हे सुधारतं. बाटल्या बंद करा, चाला."

गुंडाप्पांनी रिपोर्ट हातात घेतला. "लेकराबाळांत उतरतं का हे?"

"उतरू शकतं. उतरंलच असं न्हाई. तुमच्या रेणूचं रक्त एकदा तपासू."

गुंडाप्पांनी रिपोर्टाची घडी घातली, आणखी एक घातली, आणि खिशात ठेवून दिला.

बाहेरच्या बाकड्यावर संतपूरचा नरसिंग बसला होता. एवढ्या बोलण्यातला त्याला 'लिव्हर' हा एकच शब्द ऐकू आला, आणि तेवढा पुरला. गुंडाप्पा बसमधून उतरायच्या आत गावाला कळलं होतं, की दारूबंदीवाले गुंडाप्पा लपून पितात.

"दारोदार जाऊन सांगते मी," अनसाबाई नवऱ्याला म्हणाल्या. "साखर हाय म्हणून. बायका तुमच्याकडं बघंनात आता."

"मुडबीच्या शरणप्पांना कळंल मग."

अनसाबाई खाली बसल्या. शरणप्पांचा रविकुमार पुण्यात कंपनीत होता, आणि रेणूचं त्याच्याशी ठरलं होतं. गेल्या वर्षी शरणप्पांनी एक सोयरीक मोडली होती, मुलीच्या आईला साखर निघाली म्हणून.

"दारू माजी म्हणून सोडून देतेत," गुंडाप्पा म्हणाले. "साखर पोरीच्या रक्तात हुडकतेत."

रेणू चुलीपाशी होती. "अप्पा, मोडंना का सोयरीक. तुमी कामून बदनाम व्हायलाव? त्याच्यावाचून मी मरायली न्हाई."

"मग काल फोनवर तासभर काय करायलीस?"

रेणू भाकरी थापू लागली. भाकरी नेहमीपेक्षा बरीच मोठी झाली.

चार दिवसांनी शरणप्पा जीपनं आले. ओसरीवर बसले, पाणी प्याले, पावसापाण्याचं बोलले. समोरच्या कट्ट्यावर कोंडाबाई कुणाच्या तरी शेंगा फोडत बसल्या होत्या. शरणप्पांनी तांब्या खाली ठेवला.

"गुंडाप्पा अण्णा, एक ऐकू आलं. तुमच्या लिव्हराचं. आता सोयरं व्हायलाव, म्हणून इचारायलोय. कशानं झालं?"

गुंडाप्पांनी कट्ट्याकडं बघितलं. मग त्यांनी आवाज चढवला. कोंडाबाईंना नीट ऐकू जावं, गावात दोन तऱ्हेचं बोलणं होऊ नये, एवढा.

"दारूनं. पितो मी. लई वर्सं झाली."

आत भांड्यांचा आवाज थांबला. कोंडाबाईंनी सूप बाजूला ठेवलं, लुगड्यावरची टरफलं झटकली आणि उठून चालू लागल्या. जाताना त्यांनी ओसरीकडं बघितलं नाही. गुंडाप्पा मात्र त्या वळणाआड होईपर्यंत बघत राहिले.

शरणप्पांनी मोठा श्वास सोडला. "एवढंच व्हय? मला वाटलं, साखर-बिखर हाय का काय घरात. दारूचं काय, गडी पितेतच. कमी करा आता. लग्न ठरल्या तारखंला."

"व्हय," गुंडाप्पा म्हणाले.

अनसाबाई चहा घेऊन बाहेर आल्या. त्यांचे डोळे लाल होते. शरणप्पांनी रस्त्याकडं एकदा बघून घेतलं, पुढं वाकले आणि आवाज अगदी खाली आणला.

"अक्का, तेवढा माजा च्या बिनसाखरंचा करून देता का? नवस हाय एक."